शेऱ्याचा रकाना

वही माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर बरं आहे म्हणतात.
खरं कारण, बाकी कुणी घेईना.
मुलांना घरीच शिकवणारी आम्ही सात घरं
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तळजईवर जमतो,
सतरंजीवर पिशव्या रिकाम्या करतो,
आणि मी आखलेल्या रकान्यांत लिहीत जाते:
नाव, किंमत, वय,
मुलानं किती दिवस हात लावला,
शेरा.

अपूर्णांकांच्या लाकडी चकत्या. साडेअठराशे. चार दिवस.
एक अष्टमांश हरवलाय,
बिबवेवाडीच्या शिरोळकरांकडे सोफ्याखाली असावा.
शेरा: भाकरीनं हेच काम होतं, आणि मागं काही उरत नाही.

इंग्रजी वाचनाचा संच, परदेशी, अकरा हजार, हप्त्यानं.
बर्फाचं घर, बर्फाचा माणूस,
बर्फावरून घसरणारा लाल टोपीतला मुलगा.
शेरा कोंढव्याच्या नाझनीन मुलाणींचा:
झैदनं विचारलं, हा ऋतू पुण्यात कधी येतो?
फ्रीझर उघडून दाखवला. धडा तिथंच संपला.
कागद मात्र उत्तम. मागची बाजू कोरी.

विज्ञानपेटी. झाकणावर पन्नास प्रयोग.
मोजले. एकतीस.
त्यातले नऊ लिंबाचे.

परेरा बाई वानवडीहून नातवाला घेऊन येतात.
बत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या,
रंगीत खोक्यांकडे बघतही नाहीत.
पुस्तक मिटूनच हातात घेतात, आडवं धरतात,
पानांच्या कडा बघतात.
मळलेली कडा दाखव मला, म्हणतात,
बाकी सगळी जाहिरात.

माझी सासू फोनवर विचारते, आणि दहावीचं काय?
त्याला माझ्याकडे रकाना नाही.
रात्री दोन वाजता मात्र आखते मी तो,
छताकडे बघत, पट्टी न घेता.

जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात गेलो,
विहंग आणि मी, पावती नसलेल्या दुकानात.
चौथीचं जुनं गणित, चाळीस रुपये.
दुकानदारच म्हणाला, यात लिहिलंय हो कुणीतरी, दुसरं देतो.
विहंगनं तोवर पहिलं पान उघडलं होतं:
कु. अश्लेषा बबन खिलारे, तुकडी ब.
खाली एक कोंबडी, तिला चष्मा.
हेच, म्हणाला.

पान अडतीस. सहाशे बारा भागिले सहा.
तिचं उत्तर बारा, त्यावर फुली,
आणि समासात शेजारणीला विचारलेलं,
बाई बघत नसताना, घाईघाईत:
मला नाही कळलं. तुला?

शेजारणीचं उत्तर नव्हतं तिथं.
मंगळवारी कपडे वाळत घालून आत आले
तर त्याखाली पेन्सिलीनं:
मला पण नाही. थांब, बाबांना विचारतो.
आणि बुधवारी, जरा मोठ्या अक्षरात:
एकशे दोन. मधला शून्य विसरायचा नाही.

अकरा हजारांच्या संचात हे नव्हतं.
साडेअठराशेच्या चकत्यांत नव्हतं.
मी करून दिलेल्या वेळापत्रकात तर नव्हतंच,
त्यात मीच होते फक्त, सकाळी नऊ ते साडेबारा.

आई, ती आता कितवीत असेल?
मी पुस्तकाच्या छपाईचं साल बघितलं.
तेवीस-चोवीस वर्षांची असणार.
नोकरी करत असेल, किंवा लग्न,
किंवा हडपसरला कुठेतरी कुणाचे हिशोब.
असेल मोठी, म्हटलं.
किती मोठी, ते त्यानं विचारलं नाही.

आज सतरंजीवर वही उघडली.
नाव लिहिलं. चाळीस रुपये. वय नऊ.
किती दिवस हात लावला: अजून चालू.
शेऱ्यापाशी पेन थांबलं.
मग लिहिलं, हे पुस्तक फिरवायला मिळणार नाही.
नाझनीननं वाचलं, भुवया उंचावल्या,
काही बोलली नाही, चहा पुढे केला.

परेरा बाईंना कडा दाखवायची होती,
पण पुस्तक घरीच राहिलंय, त्याच्या उशाशी.
मी पुढची पानं चाळून ठेवली आहेत.
एकसष्टनंतर तिचं अक्षर नाही,
नुसतं छापील गणित.
तो छप्पन्नवर आहे.